उलटी तार

1 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन होतं. त्या वर्षी अमावास्या दोन दिवसांत विभागून आली. पूजा 31 ऑक्टोबरला की दुसऱ्या दिवशी, यावर मोबाइलच्या गटागटांत भरपूर वाद झाले. मराठी पंचांगांनी 1 तारीख धरली आणि मराठवाड्यातल्या लोह्याच्या बाजारपेठेनंही ती मान्य केली. त्याच तारखेला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात, सुंपांगो नावाच्या डोंगराळ गावी, स्मशानाला लागून असलेल्या मैदानावर बांबूचे आणि कागदाचे पतंग उभे केले जात होते. एकेक पतंग चार-पाच मजली इमारतीएवढा. खाली दोर धरून ताठ झालेली माणसं, वर वारा, आणि बघ्यांच्या गर्दीत पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, अंगात सुनेनं दिलेलं जाकीट अशा थाटात लोह्याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक.

गुरुजींचा मुलगा ह्यूस्टनला असतो. दिवाळीला गावी यायला रजा मिळेना, म्हणून त्यानं आईवडिलांनाच बोलावून घेतलं आणि सूनबाईनं हौसेनं सहल आखली. ही सहल मेलेल्यांच्या उत्सवाची आहे, हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “सणाच्या दिवशी मसनात जातेत का कुणी?” त्या अँटिग्वा शहरात मुक्कामीच राहिल्या. खोलीत पणती लावली तर चालेल का, एवढंच त्यांनी सुनेला हॉटेलवाल्याकडं विचारायला लावलं. गुरुजी मात्र निघाले. माळकरी माणूस, मरणाला फारसा बिचकत नव्हता.

खरं तर दिवाळीशी पितरांचा संबंध जुना आहे. भाद्रपदात घरी आलेले पितर दिवाळीच्या अमावास्येला परतीला लागतात, त्यांना अंधारात वाट दिसावी म्हणून पेटती चूड धरायची, असं धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. त्याला उल्कादान म्हणतात. कार्तिकात उंच काठीवर टांगायचा आकाशदिवा हाही त्यांच्याचसाठी. काशीला गंगेच्या घाटांवर बांबूच्या टोकाशी टोपल्या चढवून त्यांत दिवे ठेवतात, ते आजही. आपल्याकडं त्या दिव्याचा आकाशकंदील झाला. कामट्यांचा सांगाडा, खळीनं चिकटवलेला पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. पुढं प्लॅस्टिकचे घडीचे कंदील आले, कामट्या गेल्या, आणि हा दिवा कुणासाठी टांगायचा हे तर त्याच्याही आधीच गेलं. सासूबाईंना दिवाळीत मसनाचं नाव नको वाटलं, यात त्यांचा दोष नाही. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

सुंपांगोत सकाळचे आठ वाजतात तेव्हा लोह्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. गुरुजींनी धाकट्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं वहीपूजन आणि फटाके, इकडं एक मोठा गोल पतंग जमिनीपासून सुटून हळूहळू उभा राहत होता. “दादा, ह्यो कंदील केवढा म्हणायचा!” भाऊ ओरडला. त्याला ते कंदीलच वाटले. वाटणारच. तोच बांबू, तोच पातळ कागद.

सुंपांगो आणि शेजारचं सांतियागो साकातेपेकेस ही काक्चिकेल माया लोकांची गावं. बारिलेते म्हणजे पतंग, आणि इथले महापतंग हे या दोन गावांचं वैशिष्ट्य. तयारी काही महिने आधी सुरू होते. तरुणांचे गट असतात, आपल्या गणेश मंडळांसारखेच. दिवसा शेत, शाळा, नोकरी, आणि रात्री कुणाच्या तरी घरात किंवा सभागृहात जमिनीवर कागद पसरून काम. पतंगावर रंग लावत नाहीत. जी चित्रं दिसतात ती सगळी रंगीत कागदाचे तुकडे कापून, एकावर एक चिकटवून केलेली. चेहऱ्यावरची सुरकुती, लुगड्यावरची नक्षी, डोळ्यातलं पाणी, सगळं कागद. जवळून पाहिलं तर कात्रणं दिसतात, लांबून आजीबाई दिसते. पूर्वी हे काम तरुण पुरुषांचंच मानलं जाई. आता सुंपांगोत केवळ बायकांचेही गट आहेत आणि त्यांचे पतंग कुणाच्या मागं नसतात.

यातले सगळ्यांत मोठे पतंग उडत नाहीत. बांबूच्या जाड चौकटीवर कागद ताणतात आणि दोरांनी ओढून चौकट उभी करतात. तिला वारा झोंबतो, कागद फुगतो, कुठं तरी टर्रकन फाटतो आणि सगळं मैदान एकदम हळहळतं. महिन्यांची मेहनत अर्ध्या मिनिटात चिरताना बघणं सोपं नाही. पण तिथं त्याचं फार दुःख करत बसत नाहीत. दुसरा दोर ओढायला घेतात. त्याहून लहान, तरी माणसाच्या दुप्पट-तिप्पट व्यासाचे पतंग मात्र खरोखर वर जातात. ते उडवायला एक धावणारा पुरत नाही, टोळी लागते. पावसाळा सरतानाचा उत्तरेचा वारा त्या दिवसांत हमखास असतो, म्हणून तर तारीख बरोबर साधते.

कॅथलिक पंचांगात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि 2 नोव्हेंबर मृतात्म्यांचा. स्पॅनिश लोकांनी हे दिवस आणले, माया लोकांनी त्यांत आपले पूर्वज बसवले. आदल्या दिवसापासून थडगी झाडून-रंगवून घेतात. निळी, पिवळी, गुलाबी थडगी, त्यांच्यावर देवदाराच्या जातीच्या झाडाच्या हिरव्या सुया आणि फुलं. फुलं कसली, तर झेंडू. दसऱ्याला लोह्यात ट्रॉल्या भरून येतो तोच. गुरुजींना वाटलं, इथंही आपलं फूल पोचलंय. उलट होतं. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला. इथं तो मेलेल्यांचं फूल आहे आणि आपण त्याला तोरणात ओवून दारावर बांधला. लाल भोपळाही तिकडचाच, जो आपल्या पितरांच्या ताटात भाजी होऊन बसतो. गूळ घालून शिजवलेला भोपळा त्या दिवशी सुंपांगोच्या गल्लीगल्लीत विकायला असतो. गुरुजींनी तो मागून दोनदा खाल्ला.

दुसरा मानाचा पदार्थ फियाम्ब्रे. थंडगार, पन्नासाच्या घरात जिन्नस पडलेला एकत्र ढीग: बीट, फुलकोबी, घेवडे, लोणच्यातल्या भाज्या, चीज आणि नाना प्रकारचं मांस. घरोघरचा वेगळा. जेवढं मिळेल तेवढं घालायचं आणि शेजारी वाटायचं, ही त्याची रीत. लातूरकडं वेळा अमावास्येला शेतात होणारी भज्जी मांसाशिवाय याच कुळातली म्हणायची. माळकऱ्याला फियाम्ब्रे चालणार नव्हतं. थडग्याच्या कडेला बसलेल्या एका कुटुंबानं ताटली पुढं केली, तेव्हा गुरुजींनी माळेला हात लावून मान हलवली. त्या घरातल्या म्हातारीला काय कळलं कोण जाणे, तिनं मक्याची भाकरी दिली. मेलेल्यांच्या नावानं आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही, हा नियम इकडंही आहे, तिकडंही.

पतंग कशासाठी, याचं उत्तर गावातले म्हातारे देतात ते असं. या दिवशी चांगले आत्मे घरच्यांना भेटायला येतात, पण त्यांच्या मागं दुष्ट आत्मेही येऊन धिंगाणा घालतात. त्यांना हाकलायचा उपाय म्हणजे वाऱ्यावर वाजणारा कागद. म्हणून पतंगाच्या कडांना कागदी झालर असते आणि ती सतत घुमते. पतंग आपल्या माणसाला वाटही दाखवतो आणि नको त्याला दूरही ठेवतो. उत्सव संपल्यावर पतंग जाळायचीही रीत आहे, धुरावरून आत्म्यांनी परत जावं म्हणून. ही प्रथा हजारो वर्षांची असल्याचंही काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं पुराव्यानं दाखवणं अवघड आहे आणि त्याची गरजही नाही. शंभर वर्षं लोक एखादी गोष्ट हातानं करत असतील तर ती त्यांचीच झाली.

पतंग आणि मेलेली माणसं ही सांगड जगात दुसरीकडंही थोडीफार दिसते. चीनमध्ये छिंगमिंगला पूर्वजांची थडगी झाडायची असतात आणि त्याच दिवसांत पतंग उडवून दोरा कापून द्यायचा, म्हणजे इडापिडा त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडं पतंग संक्रांतीचा. येवल्यात तर तीन दिवस गाव गच्चीवर असतं, आसारी हातातून सुटत नाही. तो काटाकाटीचा खेळ आहे आणि झकास आहे. वाईट झालं ते नायलॉन मांजामुळं. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली देशभर त्यावर बंदी घातली, तरी दर जानेवारीला दुचाकीवरच्या कुणाचा तरी गळा चिरल्याची बातमी असतेच. तिकडं मेलेल्यांसाठी पतंग, इकडं पतंगासाठी मेलेले. असं लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटं नाही.

सुंपांगोच्या थडग्यांमधून लहान मुलं साधे षटकोनी पतंग उडवत फिरतात. त्यांचा एक खेळ गुरुजी बराच वेळ बघत राहिले. कागदाच्या चिटोऱ्यावर काही तरी लिहायचं, मधोमध भोक पाडून तो दोऱ्यात ओवायचा. वारा त्याला ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत पतंगापर्यंत नेतो. याला ते टेलिग्राम म्हणतात. वर गेलेल्या आजोबाला, आईला, बाळाला पाठवलेली तार.

मराठवाड्यातल्या साठीपुढच्या माणसाला तार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तारवाला गल्लीत शिरला की बायका आधी रडायला लागत, वाचून दाखवणारा मास्तर नंतर यायचा. तार आली म्हणजे कुणी तरी गेलं, एवढंच तिचं व्याकरण होतं. जुलै 2013 मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी गहिवरून लेख लिहिले. खेड्यात कुणाला फारसं वाईट वाटल्याचं ऐकिवात नाही. गुरुजींच्या गल्लीत कित्येक तारा त्यांनीच वाचून दाखवल्या होत्या. मरणाची बातमी वरून खाली येते, हेच त्यांना ठाऊक. जिवंत माणसानं खालून वर तार करायची, हे त्यांनी सुंपांगोत पहिल्यांदा पाहिलं.

मोठ्या पतंगांवरही लिहिलेलं असतं, आणि ते केवळ ‘आठवण येते’ एवढंच नसतं. सूनबाईला थोडं स्पॅनिश येतं. ती वाचून सांगत होती. तोडलेलं जंगल, विकलेलं पाणी, उत्तरेकडं कामाला गेलेली आणि परत न आलेली पोरं, मारल्या गेलेल्या बायका. ग्वाटेमालात 1960 ते 1996 अशी छत्तीस वर्षं यादवी चालली. दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या आयोगानं 1999 साली अहवाल दिला, त्यात ओळख पटलेल्या बळींपैकी 83 टक्के माया होते. बेपत्ता माणसाला थडगं नसतं. ज्याला थडगं नाही त्याच्यासाठी झेंडू कुठं वाहायचा? आकाशात पतंग चढवला तर निदान जागेचा प्रश्न मिटतो.

आणि मग भूकंप. एका पतंगाच्या कोपऱ्यात पडकी घरं होती. सूनबाईनं फोनवर शोधून सांगितलं: 4 फेब्रुवारी 1976, पहाटे तीन वाजून एक मिनिट, 7.5 तीव्रता, सुमारे 23 हजार मृत्यू. शेजारच्या चिमाल्तेनांगो प्रांताला सगळ्यांत मोठा तडाखा. कच्च्या मातीच्या विटांची जड घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. गुरुजी एकदम गप्प झाले. त्यांना लातूरकडचा भूकंप आठवला.

30 सप्टेंबर 1993. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून किल्लारी परिसरातली गावं दमून झोपली होती, पितृपक्ष उंबरठ्यावर होता. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर रचलेला मातीचा भलामोठा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं बांधलेलं घर. तेच अंगावर आलं. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. 52 गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. लोह्यात त्या पहाटे फळीवरची भांडी वाजली, लोक अंगणात आले, कुणी मांजर म्हणालं, कुणी चोर. किल्लारीपलीकडच्या एका गावात गुरुजींची मावशी होती. तार आली नाही. रेडिओवर गावांची नावं आली. गुरुजी पोचले तेव्हा पावसात सामुदायिक चिता पेटत नव्हत्या.

मावशीचं श्राद्ध सर्वपित्रीला होतं. तिथी ठाऊक नसलेल्यांची, सोय होत नसलेल्यांची ती अमावास्या. पत्रावळीवर खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गच्चीवर ठेवलेला घास आणि कावळ्याची वाट. मावसभाऊ मनापासून करतो. पण जे काही करायचं ते दार लोटून, आपापल्या घरात, आपापल्या मेलेल्यापुरतं. एका रात्रीत अख्खं गाव गेलं, तरी स्मरण घराघरात वाटून टाकलेलं. गावानं मिळून म्हणून जे आहे ते किल्लारीतल्या स्मारकाजवळचं 30 सप्टेंबरचं अभिवादन: पुढारी, अधिकारी, पुष्पचक्र. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या हुतात्म्यांना तालुक्याच्या गावी ध्वजारोहण होतं, तेही त्याच साच्यातलं. शाळेतली पोरं रांगेत उभी राहतात आणि सुट्टीची वाट बघतात. गुरुजींनी आयुष्यभर अशा रांगा सरळ केल्या. त्यातल्या एकाही पोरानं कधी हुतात्म्यासाठी कात्री हातात घेतली नव्हती, हे त्यांना सुंपांगोत जाणवलं.

गाडगेबाबा असते तर त्यांनी दोन्हीकडं खराटा चालवला असता. मेलेल्याला खीर कशाला आणि मेलेल्याला पतंग कशाला, जित्या पोराला शाळेत घाला म्हणाले असते. त्यांचं म्हणणं मोडून काढणं सोपं नाही. महापतंगावर पैसा जातो, रात्री जातात आणि दुपारपर्यंत कागदाच्या चिंध्या होतात. शिवाय पर्यटकांची झुंबड अशी की खऱ्याखुऱ्या थडग्याशी बसलेल्या बाईला रडायलाही आडोसा उरत नाही. तरी एक फरक मान्य करावा लागतो. आपण पितरांना जेवू घालतो आणि बोळवण करतो. सुंपांगोवाले त्यांना गावात काय चाललंय ते सांगतात, तक्रारीसकट. त्या सांगण्यासाठी वीस वर्षांची पोरंपोरी महिनोन्‌महिने आपल्या गावाच्या दुःखाबद्दल बोलत, भांडत, कात्रणं चिकटवत बसतात. ते बसणं स्मारकाच्या चौथऱ्यावर पुष्पचक्र ठेवण्यापेक्षा निश्चितच सरस आहे.

दुपारी एका पोरानं आपला दोरा गुरुजींच्या हातात दिला आणि कागदाचा चौकोन पुढं केला. सूनबाईला वाटलं, बाबा काही तरी विठ्ठलाचं लिहितील. त्यांनी शाळेतल्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात लिहिलं: “मावशी, नव्या गावात घर पक्कं आहे. माळवद कुणीच घालत नाही. नातू इंजिनिअर झाला. विहिरीला पाणी कमी.” पोरानं ती न कळणारी अक्षरं निरखून पाहिली, भोक पाडलं आणि कागद ओवला. अर्ध्या वाटेवर तो अडकला. पोरानं दोऱ्याला सराईत झटका दिला, तसा सुटून पुढं गेला.

संध्याकाळी अँटिग्वात सासूबाईंनी विचारलं, “काय होतं मग तिथं?” गुरुजी म्हणाले, “पित्तरं होती. दिवाळीतच.” त्यावर सासूबाईंनी आंघोळ करून यायला सांगितलं.

त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोनं सांतियागो साकातेपेकेस आणि सुंपांगोच्या महापतंगांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आता गर्दी वाढेल. ज्यांना जायचं त्यांनी 1 नोव्हेंबरला भल्या सकाळी पोचावं, दुपारच्या वाऱ्यात फाटाफाट सुरू व्हायच्या आधी.

पण असं स्मरण करायला ग्वाटेमालाच गाठलं पाहिजे असं नाही. 2026 साली अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे, सर्वपित्री 10 ऑक्टोबरला, आणि किल्लारीची 30 सप्टेंबर ही तारीख त्या वर्षी पितृपक्षाच्या आतच येते. औसा, निलंगा, उमरगा, लोहा, कुठल्याही गावच्या गणेश मंडळाकडं त्या आठवड्यात बांबू असतात, कागद असतो, दोर असतो आणि रात्र जागायची सवय असलेली पोरं असतात. मंडळांनी विसर्जनानंतर मांडवाचे बांबू लगेच सोडू नयेत. गावात ज्यांच्या घरचं कुणी भूकंपात गेलं त्यांना विचारून एक मोठा पतंग करून बघावा, पोरींनाही कामाला घ्यावं आणि पाऊस असेल तर तो शाळेच्या पडवीत उभा करावा. दोर मात्र सुताचाच घ्यावा.